रिकाम्या जेलचा जांभळा रंग

लायसोझाइम स्वस्त मिळतं. प्रोटीनचं औषध जेलमध्ये कोंडायचं आणि शरीरात हळूहळू सोडायचं, या आमच्या कामात जगभरातल्या प्रयोगशाळा पहिला हात लायसोझाइमवर का साफ करतात, तर एवढ्यासाठीच. शोधनिबंधात आम्ही त्याला भारदस्तपणे ‘मॉडेल प्रोटीन’ म्हणतो. अंड्याच्या पांढऱ्या भागातून ते भरपूर काढता येतं, 129 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी आहे, आणि थोडीफार हेळसांड झाली तरी निमूट सहन करतं. ग्रोथ हार्मोन किंवा इंटरल्यूकिन हाताशी घेऊन शिकणं कुणालाच परवडत नाही.

त्याचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. ते शाबूत आहे की बिघडलंय, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. मायक्रोकॉकस या जिवाणूची सुकी पावडर बफरमध्ये कालवली की पांढुरकं, गढूळ पाणी तयार होतं. त्यात लायसोझाइमचे थोडे थेंब टाकायचे. ते जिवाणूच्या भिंतीतल्या साखरेच्या साखळ्या कापत सुटतं आणि क्युव्हेटमधलं पाणी तुमच्यासमोर निवळायला लागतं. यंत्रावर 450 नॅनोमीटरचा आकडा खाली खाली येत जातो. प्रोटीनची घडी बिघडलेली असेल तर पाणी आहे तसंच राहतं. वजन तेवढंच, साखळी तीच, एकही अमिनो आम्ल जागचं हललेलं नाही, पण काम शून्य.

म्हणजे जेलमधून किती बाहेर आलं हा एक प्रश्न, आणि आलं ते कामाचं आहे का हा दुसरा. मी या क्षेत्रात आले तेव्हा माझी समजूत अशी होती की पहिला प्रश्न अवघड आणि दुसरा त्याच्या मागोमाग आपोआप सुटणारा. आता शोधनिबंध हातात आला की मी आधी शेवटची पानं उलटते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे नसेल तर पुढचे सुंदर आलेख मी फारसे मनावर घेत नाही.

कोंडण्याचा हा खटाटोप मुळात कशासाठी, तेही सांगायला हवं. प्रोटीन पोटातून देता येत नाही, तिथे ते पचून जातं. म्हणून सुई. आणि सुईतून दिलेली बरीच प्रोटीनं काही तासांत रक्तातून नाहीशी होतात. ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या मुलांना वर्षानुवर्षं रोज रात्री टोचावं लागायचं. त्या घरातली रोजची रडारड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘आठवड्यातून एकदा’ या शब्दांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एवढा मोठा रेणू प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून हळूहळू झिरपवता येईल, यावर पूर्वी फारसा कुणाचा विश्वास नव्हता. रॉबर्ट लँगर आणि जुडा फोकमन यांनी 1976 मध्ये ‘नेचर’मध्ये ते करून दाखवलं. पुढे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लापासून केलेल्या, शरीरात हळूहळू तुटत जाणाऱ्या पीएलजीए या पॉलिमरची लाट आली. त्यातलं ग्रोथ हार्मोन 1999 मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं, नाव न्यूट्रोपिन डेपो. महिन्यातून एकदा किंवा दोनदा टोचायचं. ते 2004 मध्ये बाजारातून गेलं. बनवणं फार खर्चाचं पडत होतं.

पीएलजीएचं दुखणं असं की तो पाण्यात विरघळत नाही, त्याला सेंद्रिय द्रावक लागतो, आणि द्रावक व पाणी यांच्या सीमेवर प्रोटीनची घडी उलगडते. शरीरात पॉलिमर तुटायला लागला की आम्ल तयार होतं, ते कणाच्या आतच साठत जातं, आणि उरलंसुरलं प्रोटीन त्यात भिजत पडतं. साखरेच्या जेलकडे माणसं वळली ती यामुळे. डेक्स्ट्रान, अल्जिनेट, कायटोसान, हायल्युरोनिक आम्ल हे सगळे साखरेच्या कड्यांचे लांब साखळदंड. त्यांना जागोजागी एकमेकांत गुंतवलं की पाणी धरून ठेवणारी जाळी होते. दहा भागांत आठ-नऊ भाग पाणीच. प्रोटीनला असा शेजार मानवतो. शिवाय सुकवताना प्रोटीन जपायला उसाची साखर किंवा ट्रेहॅलोज घालायचं, हे औषध कारखान्यांत रोजचंच आहे. ग्लुकोज किंवा लॅक्टोज मात्र चालत नाही. त्यांचं मोकळं टोक प्रोटीनच्या लायसिनला जाऊन चिकटतं आणि पावडर तपकिरी पडते. हे मोकळं टोक लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

माझ्या वाट्याला डेक्स्ट्रान आलं. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात माझे मामा केमिस्ट होते. मी काय शिकते म्हणून त्यांनी एकदा विचारलं, मी डेक्स्ट्रानचं नाव घेतलं, आणि ते मोठ्यानं हसले.

“अगं, त्यापायी आमच्या रात्री गेल्या! तू ते पैसे मोजून विकत आणतेस?”

पैसे मोजून आणि परदेशातून, म्हटल्यावर त्यांना आणखीच मजा वाटली. गळीत हंगामात तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला, किंवा फड पेटला आणि जळीत ऊस गव्हाणीत आला, की ल्युकोनॉस्टॉक नावाचा जिवाणू टोकांतून आत शिरलेला असतो. तो साखरेचा रेणू फोडतो, त्यातलं फ्रुक्टोज सोडून देतो आणि ग्लुकोजच्या कड्या एकाला एक जोडत बसतो. तेच डेक्स्ट्रान. रस बुळबुळीत होतो, गाळायला वेळ लावतो, पॅनमध्ये दाणा नीट धरत नाही, लांबट सुईसारखा वाढतो. “आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोल खोटा दाखवतं,” मामा म्हणाले. रसात साखर किती हे कारखाने पोलरीमीटरवर पाहतात, प्रकाशाची पातळी किती फिरली त्यावरून. डेक्स्ट्रान ती पातळी साखरेच्या जवळजवळ तिप्पट फिरवतं. म्हणजे साखर नासून डेक्स्ट्रान झालं, तरी यंत्र म्हणतं साखर आहे. कागदावर साखर दिसते, पोत्यात पडत नाही, आणि मग उतारा कुठे गेला म्हणून केमिस्टला जाब विचारला जातो.

मामांचं हे बोलणं मी तेव्हा घरगुती गप्पांसारखं ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्याच्या डोकेदुखीतूनच डेक्स्ट्रान औषधात आलं, ही गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमध्ये उप्सालाला 1940 च्या दशकात बीटच्या रसातल्या याच चिकट पदार्थावर काम करताना ग्रोनवाल आणि इंगलमन यांना सुचलं, की रक्तस्रावानंतर रक्ताची जागा भरून काढायला हे वापरता येईल. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत अॅलिन जीन्स यांच्याकडे एका शीतपेयाच्या कंपनीचं बिघडून घट्ट झालेलं रूट बिअर आलं. त्यातून निघालेल्या जिवाणूंनी डेक्स्ट्रानच्या कारखानदारीचा पाया घातला, आणि कोरियन युद्धात जखमी सैनिकांना ते सलाइनमधून दिलं गेलं. जिवाणू बनवतो ते डेक्स्ट्रान प्रचंड लांब असतं. आम्लानं तोडून, गाळून चाळून 40 हजार आणि 70 हजार रेणुभाराचे तुकडे वेगळे करतात. आमच्या बाटल्यांवर हेच दोन आकडे असतात. हा जिवाणू आपल्याला परका नाही, इडलीचं पीठ फुगवतो तो हाच. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आम्ही रोज तुझं औषध वाफवून खातो म्हण की.”

डेक्स्ट्रानची जाळी बांधायच्या पद्धती अनेक. आम्ही सुरुवात केली ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या वाटेनं. तिथे विम हेनिंक यांच्या गटानं 1995 च्या सुमारास डेक्स्ट्रानला मेथाक्रिलेटचे हात जोडले. या हातांना पर्सल्फेट आणि टेमेड दिलं की ते एकमेकांना धरतात आणि काही मिनिटांत पातळ द्रावणाचं जेल होतं. टेमेडला कुजक्या मासळीचा वास येतो. फ्यूम हूडमध्ये काम करूनही तो संध्याकाळी बसमध्ये आपल्याबरोबर घरी येतो. व्हायल मधूनमधून कलती करून पाहायची. आधी द्रावण पाण्यासारखं वाहतं, मग एका बाजूला रेंगाळतं, मग व्हायल सरळ उलटी धरली तरी खाली येत नाही. तयार जेल काचेसारखं स्वच्छ असतं. उजेडात धरलं तर अडकलेला बारीक बुडबुडासुद्धा दिसतो. वरचा पातळसा थर मात्र ओलाच राहतो, कारण हवेतला प्राणवायू ही साखळी-क्रिया तिथल्या तिथे मारतो. नवीन मुलं तो थर टिश्यूनं टिपून टाकतात आणि त्यातलं प्रोटीन हिशेबातून जातं. म्हणून मी आधी नायट्रोजन सोडायला लावते.

खरी गंमत जाळीच्या भोकांत आहे. लायसोझाइम चारेक नॅनोमीटरचं, अँटिबॉडी दहाच्या पुढची. भोकं प्रोटीनहून मोठी असली तर ते आपलं वाट काढत बाहेर पडतं. सुरुवातीला भराभर, नंतर मंद. सुटलेलं प्रमाण वेळेच्या वर्गमुळाबरोबर वाढतं, हे पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा स्वतःच्या कागदावर सरळ रेषेत उतरलं तेव्हा मी ती रेष उगाचच दोनदा काढली होती. भोकं प्रोटीनहून लहान असली तर ते आत अडकून पडतं. जाळी तुटेल तेव्हाच सुटका. आणि नुसत्या मेथाक्रिलेटची जाळी शरीराच्या तापमानाला सहजी तुटत नाही. उट्रेख्टच्या लोकांनी मग डेक्स्ट्रान आणि मेथाक्रिलेट यांच्यामध्ये पाण्यानं हळूहळू तुटणारा कार्बोनेटचा दुवा घातला. कुठे जेलमध्येच डेक्स्ट्रानेज हे डेक्स्ट्रान कापणारं एन्झाइम प्रोटीनसोबत कोंडलं, म्हणजे तुरुंगात कैद्याबरोबर कानसही ठेवून दिली. किती एन्झाइम घातलं त्यावर सुटकेची तारीख. हा निबंध वाचला त्या दिवशी मी जेवायला विसरले होते.

पर्सल्फेटला एक खोड आहे. ते प्रोटीनमधल्या मेथायोनिनवर घाव घालतं. म्हणजे जाळी बांधणारा गवंडीच आतल्या पाहुण्याला इजा करणार. म्हणून अशा रसायनांशिवाय जमणाऱ्या वाटाही शोधल्या गेल्या. त्यातली सगळ्यात लोकप्रिय अल्जिनेटची. समुद्री शेवाळातून निघालेल्या अल्जिनेटचं द्रावण सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडलं, की भिजलेल्या साबुदाण्यासारखे मणी तळाशी जमतात. पाहायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना आम्ही हेच करून दाखवतो. विद्यार्थीही यानेच सुरुवात करतात, आणि पहिल्याच आठवड्यात “मॅडम, मणी गायब झाले” म्हणत येतात. रिलीजचा प्रयोग फॉस्फेट बफरमध्ये लावलेला असतो. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगतात आणि विरघळून जातात. जेलनं औषध सोडलं म्हणायचं की जेलच राहिलं नाही म्हणायचं? आलेखात दोन्ही सारखंच दिसतं.

रिलीजचा प्रयोग म्हणजे बाहेरच्यांना वाटतं त्याहून फार कंटाळवाणं काम. 37 अंशाला हलणारा वॉटर बाथ, त्यात व्हायलींची रांग, प्रत्येकीत जेलची वडी आणि वर बफर. ठरलेल्या वेळी थोडं काढायचं, तेवढंच ताजं घालायचं. बुरशी नको म्हणून चिमूटभर सोडियम अझाइड. बाथमधलं पाणी उडून जातं, म्हणून वर प्लॅस्टिकचे गोळे पसरायचे. गणपतीची सुट्टी, दिवाळी, पुण्यातला पाऊस, काहीही असलं तरी ज्याची वेळ आली तो येतो आणि पिपेट हातात घेतो. त्यातही फसगत आहेच. बाहेर आलेलं प्रोटीन काचेला चिकटतं आणि कमी दिसतं. आम्ही चिकटू नये म्हणून ट्वीन घालतो, तर ट्वीन पुढच्या मोजणीत आडवं येतं.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं त्यांचं जेल तपासायला आमच्याकडे पाठवलं. कल्पना देखणी होती. डेक्स्ट्रानच्या काही कड्या पेरिआयोडेटनं उघडायच्या, म्हणजे अल्डिहाइडची टोकं मोकळी होतात. दुसऱ्या सिरिंजमध्ये हायड्राझाइडचे हात असलेला पॉलिमर. दोन्ही एकत्र आले की जागेवरच जेल. पर्सल्फेट नाही, टेमेड नाही, वास नाही. आत लायसोझाइम. फाइलमधला रिलीजचा आलेख असा होता की कुणीही भिंतीवर लावावा. सुरुवातीचा झटका जवळजवळ नाही, नंतर आठवडेच्या आठवडे सरळ चढण, आणि शेवट शंभर टक्क्यांच्याही किंचित वर. आम्ही फक्त पुन्हा करून सही द्यायची, अशी त्यांची अपेक्षा होती.

माझ्या विद्यार्थिनीनं ते पुन्हा केलं. आकडे तसेच आले. मोजणी बीसीए पद्धतीनं होती. यात प्रोटीन तांब्याला एक पायरी खाली आणतं आणि बीसीए नावाचा रेणू त्या तांब्याला धरून जांभळा होतो. रंग जितका गडद तितकं प्रोटीन. मग आमच्या सवयीप्रमाणे तिनं तेच नमुने मायक्रोकॉकसच्या गढूळ पाण्यात टाकले. पाणी निवळलं, पण इतकं सावकाश की जांभळ्या रंगानं सांगितलेल्या प्रोटीनशी त्याचा काही मेळच बसेना.

अशा वेळी प्रयोगशाळेत पहिलं उत्तर तयारच असतं: प्रोटीन बाहेर आलं, पण बिघडून आलं. तीही तसंच म्हणाली. मला ते पटलं नाही, कारण या जेलमध्ये प्रोटीनला बिघडवणारं कठोर असं काही नव्हतं. फाइल मी पुन्हा उघडली आणि रिकाम्या जेलचा तक्ता शोधू लागले. प्रोटीन न घालता तेच जेल, त्याच बाथमध्ये, त्याच वेळा. तो प्रयोग त्यांनी लावलेलाच नव्हता. आम्ही लावला.

पहिल्या काही नमुन्यांत रंग फिकट होता. पुढे पुढे तो चढत गेला. बीसीएच्या प्लेटमध्ये एका ओळीत प्रोटीनवालं जेल आणि खालच्या ओळीत रिकामं जेल, आणि दोन्ही ओळी डावीकडून उजवीकडे सारख्याच जांभळ्या होत गेलेल्या. ती प्लेट मी खिडकीशी नेऊन पाहिली, यंत्रात घालायची गरजही नव्हती. जेल हळूहळू तुटत होतं, डेक्स्ट्रानचे तुकडे बफरमध्ये येत होते, आणि त्यांची मोकळी अल्डिहाइडची टोकं तांब्याला प्रोटीनइतक्याच आनंदानं खाली ओढत होती. साखरेचं मोकळं टोक बीसीएला फसवतं, हे त्या किटच्या माहितीपत्रकातही छापलेलं असतं. मामांचा पोल मला त्या खिडकीशी आठवला. कारखान्यात डेक्स्ट्राननं साखर असल्याचं सोंग केलं होतं, इथे ते प्रोटीन असल्याचं सोंग करत होतं.

मग ब्रॅडफर्डच्या निळ्या रंगानं मोजलं, त्याला साखरेशी देणंघेणं नसतं. प्रोटीन अगदी थोडं बाहेर आलेलं निघालं, आणि जे आलं होतं ते बऱ्यापैकी शाबूत होतं. निवळण्याचा वेग आणि निळा रंग एकमेकांशी जुळले. राहिलेलं कुठे होतं? जेलमध्येच. उरलेल्या वड्या आम्ही डेक्स्ट्रानेजनं विरघळवल्या आणि ते पाणी इलेक्ट्रोफोरेसिसला लावलं. लायसोझाइमची ठसठशीत पट्टी चौदा हजारांवर यायला हवी. तिथे जेमतेम सावली होती. वरच्या भागात मात्र लांबच लांब डाग पसरला होता. लायसोझाइममध्ये लायसिनचे सहा हात आहेत आणि जेलमध्ये अल्डिहाइडची असंख्य टोकं. जेल बांधणाऱ्या रसायनानं आतल्या प्रोटीनलाही जाळीचा एक दोरा समजून गुंफून टाकलं होतं. दूध पावडर तपकिरी पडते ती याच ओढीनं.

कंपनीबरोबर बैठक झाली. त्यांच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, पण आमचा कर्व्ह किती स्मूद आहे!” मी म्हटलं, जेल फार समान वेगानं तुटतंय, हे त्यावरून नक्की सिद्ध होतं. ते हसले, चहा घेतला, अहवाल घेऊन गेले. पुढे त्या जेलचं काय केलं ते त्यांनी कळवलं नाही, आणि अहवालाचे पैसेही पुष्कळ उशिरा आले.

तेव्हापासून आमच्याकडे एक शिरस्ता पडला आहे. बाथमध्ये रिकाम्या जेलची व्हायल आधी लागते, प्रोटीनची नंतर. आणि एक आलेख दोन वेगळ्या पद्धतींनी मोजल्याशिवाय माझ्या टेबलावर येत नाही. नवीन मुलांना हा जाच वाटतो. वाटू दे.

पण मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मला अनेक व्याख्यानांनंतर विचारला गेला आहे. इतकी वर्षं इतक्या प्रयोगशाळा हे करतायत, तर औषधाच्या दुकानात साखरेचं जेल कुठे आहे? याचं खरं उत्तर आमच्या धंद्याला थोडं झोंबणारं आहे. आम्ही पिंजरा सुधारत बसलो आणि दुसऱ्यांनी आतला रेणूच सुधारला. सेमाग्लुटाइडला चरबीची एक शेपटी जोडलेली आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, आणि आठवड्यातून एक सुई पुरते. इन्सुलिनचंही तसंच झालं. आयकोडेक नावाचं आठवड्याचं इन्सुलिन युरोपनं 2024 मध्ये मंजूर केलं. जेल नाही, जाळी नाही, पर्सल्फेट नाही. रक्त स्वतःच साठवणीचं भांडं. साखरेचा पदार्थ बाजारात अगदीच गेला नाही असं नाही. हायल्युरोनेटच्या बारीक कणांत ठेवलेलं आठवड्याचं ग्रोथ हार्मोन कोरियात झालं, युरोपनंही 2013 मध्ये त्याला परवानगी दिली. पण युरोपच्या बाजारात ते टिकलं नाही. सगळ्या शरीरभर औषध पोचवायचं असेल तर शेपटीनं आम्हाला हरवलं आहे, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

जिथे औषध एकाच जागी हवं आणि बाकी शरीरात अजिबात नको, तिथली गोष्ट निराळी. गाठीत सोडलेलं इंटरल्यूकिन रक्तात गेलं तर माणूस तापानं फणफणतो. हाडाच्या पोकळीत घातलेला वाढीचा घटक आजूबाजूला झिरपला तर भलत्या जागी हाड येतं. शेपटी इथे उपयोगाची नाही, कारण शेपटी रक्तात राहण्यासाठी असते. इथे जाळी हवी. आमचं सध्याचं काम हाडाचं आहे. मेथाक्रिलेटचंच डेक्स्ट्रान, पण पर्सल्फेट जितकं कमी करता येईल तितकं करून.

यातही जी अडचण पुस्तकात नव्हती ती ऑपरेशन थिएटरमध्ये कळली. एकदा तयार झालेलं जेल निर्जंतुक करता येत नाही. वाफेत घालावं तर प्रोटीन शिजतं, किरणांनी मारावं तर मोडतं, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून जेल कसं जाणार? म्हणून दोन्ही द्रावणं आधी गाळायची, दोन नळ्यांच्या सिरिंजमध्ये भरायची, आणि जेल पेशंटच्या हाडातच होऊ द्यायचं. आमच्याबरोबर काम करणाऱ्या अस्थिशल्यविशारदांनी रिलीजचे सगळे आलेख शांतपणे ऐकून घेतले आणि एवढंच विचारलं, “मॅडम, दाबल्यावर माझ्याकडे किती मिनिटं आहेत?”

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. लवकर झालं तर सुईतच बसतं, उशिरा झालं तर पोकळीतून वाहून जातं. “मला चार मिनिटं द्या. पाच नको.” चार मिनिटांसाठी पर्सल्फेट वाढवावं तर मेथायोनिन जातं. मेथाक्रिलेटचे हात वाढवावेत तर भोकं बारीक होतात आणि प्रोटीन महिनोन्‌महिने सुटत नाही. डेक्स्ट्रान जास्त घट्ट घ्यावं तर सिरिंज दाबताना त्यांचा अंगठा दुखतो, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंही. शेवटी 70 हजारांचं सोडून 40 हजारांचं डेक्स्ट्रान घेतलं. ते त्याच घट्टपणाला पातळ राहतं. टेमेड थोडं वाढवलं, पर्सल्फेट होतं तेवढंच ठेवलं. आता व्हायलमध्ये ते चार मिनिटांच्या आसपास उलटं राहतं, आणि प्रोटीनची निळी मोजणी व निवळण्याची मोजणी अजून एकमेकांना धरून आहेत.

“व्हायलमध्ये,” ते म्हणाले. “माझ्याकडे रक्त असतं.” रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू घेऊन येतात आणि प्राणवायू ही क्रिया मारतो, हे मला ठाऊक होतं, तरी रक्त मिसळून आम्ही जेल कधी केलं नव्हतं. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्या मिळण्यासाठी अर्ज केला आहे. एथिक्स कमिटीनं दोन शंका काढून तो परत पाठवला. त्यातली एक शंका अशी आहे की या प्रयोगात रिकामं जेल कशासाठी लागतं.